कणा सरळ झाला, दुखणं राहिलं

भिलाईतल्या खुर्सीपारमधून मी बोलते आहे. आमच्या वस्तीच्या नावातच खुर्सी आहे, आणि मला खुर्चीत वीस मिनिटांच्या वर बसवत नाही. या मालिकेचे व्हिडिओ पाहणाऱ्यांच्या हे लक्षात आलेलं आहे. मी उभी राहून बोलते, मधेच भिंतीला टेकते, दोन पावलं चालून येते. ‘ताई, बसून का बोलत नाही?’ असं अनेकांनी विचारलं. मी दरवेळी हसून विषय टाळला. आज टाळत नाही.

कारण असं झालं. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक बाई तिच्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. हातात एक्स-रेचा लिफाफा होता. मुलीच्या मणक्याला इंग्रजी ‘एस’सारखा बाक आलेला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती. माझी झालेली आहे हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिने एकच प्रश्न विचारला, “दीदी, ऑपरेशन के बाद दर्द तो नहीं रहेगा ना?”

मला चटकन उत्तर देता आलं नाही. ‘नाही राहणार’ म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. ‘राहतं’ म्हटलं असतं तर ती मुलीला घेऊन घरी बसली असती, आणि ते त्याहून वाईट. मी तिला म्हटलं, चार दिवस दे. त्या चार दिवसांत मी जे वाचलं, आठवलं आणि जुळवलं, तेच आजचं भाषण. एरवी आपण इथे नागपूरकर भोसल्यांच्या छत्तीसगडबद्दल बोलतो. आजचा इतिहास पाठीच्या कण्याचा आहे.

शिडी, देव आणि झाड

वाकडी पाठ सरळ करायची माणसाची हौस फार जुनी. भागवताच्या दशम स्कंधात मथुरेची कुब्जा आहे. कंसासाठी चंदनाची उटी नेणारी, तीन ठिकाणी वाकलेली दासी. कृष्णाने तिच्या पावलांवर आपलं पाऊल ठेवलं, हनुवटीखाली दोन बोटं लावली आणि तिला वर उचललं. ती क्षणात सरळ झाली. कीर्तनात हा प्रसंग मी लहानपणी ऐकला आहे. पुढे तिची पाठ दुखली का, हे बुवांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

ग्रीसमध्ये सुमारे २४०० वर्षांपूर्वी हिप्पोक्रेटीसच्या नावावरच्या ग्रंथात दोन उपाय येतात. एक म्हणजे लाकडी बाकावर रोग्याला पालथं बांधायचं, दोन्ही बाजूंनी ओढायचं आणि वरून दाबायचं. दुसरा म्हणजे रोग्याला शिडीला बांधून, शिडी उंचावरून खाली आपटायची. या दुसऱ्या उपायाबद्दल तो ग्रंथच स्पष्ट सांगतो की याने कुणी सरळ झाल्याचं पाहण्यात नाही, आणि गर्दीला थक्क करायचं असतं ते वैद्य हे करतात. म्हणजे उपाय रोग्यासाठी की बघणाऱ्यांसाठी, हा प्रश्न तेव्हाही होताच.

आता १७४१ साल घ्या. छत्तीसगडात आपण हे साल भास्करपंतांच्या रतनपूरच्या स्वारीसाठी लक्षात ठेवतो. त्याच साली पॅरिसमध्ये निकोला आंद्री या वैद्याने मुलांच्या शरीरातले दोष सुधारण्यावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यासाठी एक नवा शब्द घडवला. ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘ऑर्थोपेडी’. दवाखान्याच्या पाटीवर आपण जो ‘ऑर्थोपेडिक’ वाचतो तो इथून आला. त्या पुस्तकात एक चित्र आहे. वाकडं रोपटं, आणि त्याला सरळ करायला शेजारी रोवलेल्या खुंटाशी दोरीने बांधलेलं. आजही जगभरच्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटना ते झाड बोधचिन्हात वापरतात. त्या शास्त्राचं नाव आणि चिन्ह दोन्हींत सरळपणा आहे, हे ध्यानात ठेवा. दुखणं त्यात कुठेच नाही.

कोन मोजायला सुरुवात

१८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाचा कणा कागदासारखा समोर दिसू लागला. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या रसेल हिब्ज यांनी मणक्याच्या क्षयाच्या रोग्यांवर एक शस्त्रक्रिया केली. शेजारशेजारचे मणके खरवडायचे, हाडाचे तुकडे मधे बसवायचे, आणि ते एकमेकांत मिसळून एकच हाड होऊ द्यायचं. तीन वर्षांनी त्यांनी तीच पद्धत वाकड्या कण्यासाठी वापरली. हे ‘मणके जोडणं’ आजही या शस्त्रक्रियेचा गाभा आहे. पण त्या काळी आत धातू नव्हता. रोगी कित्येक महिने प्लास्टरमध्ये निजून राही, आणि एवढं करून बाक बऱ्याचदा परत येई.

मग १९४८ मध्ये न्यूयॉर्कचेच जॉन कॉब यांनी मोजायची सोपी रीत दिली. बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या, सर्वात जास्त कललेल्या मणक्यांवर रेघा ओढा आणि त्यांच्यातला कोन मोजा. दहा अंशांच्या वर असेल तर स्कोलिओसिस. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे गेला तर शस्त्रक्रियेचा विचार. आजही भिलाईत, नागपुरात, मुंबईत डॉक्टर हाच कोन मोजतात.

कोनामुळे फार मोठी सोय झाली. दोन देशांतले डॉक्टर एका आकड्यात बोलू लागले. पण आकडा मिळाला की माणूस आकड्यालाच रोग समजायला लागतो. शस्त्रक्रियेचं यश म्हणजे आधी साठ होते, नंतर तीस झाले. रोग्याला झोप लागते का, भाकऱ्या थापताना किती वेळ उभं राहवतं, यांना अंश नसतात.

ह्यूस्टनची सळई

इथे पोलिओ येतो. १९५२ साली एकट्या अमेरिकेत पोलिओचे सुमारे ५८ हजार रुग्ण झाले. पोलिओने ज्यांचे पाठीचे स्नायू लुळे पडले त्या मुलांचे कणे वाढत्या वयात कोसळू लागले. छाती दबे, फुप्फुसाला जागा उरत नसे. त्यांना प्लास्टरमध्ये घालणं म्हणजे उरलेला श्वासही कोंडणं. टेक्सासमधल्या ह्यूस्टन इथे पॉल हॅरिंग्टन नावाच्या तरुण डॉक्टरपुढे ही मुलं होती. त्यांनी आधी स्क्रू वापरून पाहिले. मग पोलादी सळई आणि दोन हूक अशी रचना केली. बाकाच्या आतल्या बाजूला वर एक हूक, खाली एक हूक, मधे दातेरी सळई. जॅकने ट्रक उचलावा तसं दोन टोकांमधलं अंतर वाढवत न्यायचं. कणा ताणला जाऊन सरळ होतो. १९६२ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं जगभर हीच सळई चालली.

सुरुवातीला त्यांनी नुसती सळई घातली, मणके जोडले नाहीत. सळया तुटल्या, हूक निसटले. पोलाद कितीही चांगलं असलं तरी रोज हजारो वेळा वाकवलं की थकतं, हे भिलाईतल्या माणसाला सांगायला नको. तेव्हा ठरलं की सळईबरोबर हिब्ज यांच्या रीतीने मणकेही जोडायचे. हाड पक्कं होईपर्यंत सळईने धरून ठेवायचं, पुढचा भार हाडाने घ्यायचा.

म्हणजे ही शस्त्रक्रिया जन्माला आली ती श्वास वाचवायला आणि बाक वाढू न द्यायला. ती त्या कामात खरी उतरली. पाठ दुखू नये यासाठी ती मुळात शोधलेलीच नव्हती. इतकी साधी गोष्ट मला तीस वर्षं कुणी सांगितली नाही.

१९८९, भर उन्हाळा

आता माझं सांगते. बाबा भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये होते, मूळचे भंडाऱ्याकडचे. माझा एक खांदा वर आहे हे आईला परकर-पोलक्याच्या मापात कळलं. एक बाजू सारखी आखूड होई. चौदाव्या वर्षी कोन निघाला बासष्ट अंश. पॉवर हाऊस स्टेशनवरून दुर्ग, दुर्गहून मुंबई, आणि तिथल्या एका मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया.

आदल्या दिवशी भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, “मधे तुला हाक मारीन. जागी हो आणि पाय हलव. घाबरू नकोस, दुखणार नाही.” फ्रान्समधल्या लियाँचे पियेर स्टॅग्नारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चाचणी १९७३ मध्ये सांगितली. कणा ताणताना मज्जारज्जूला इजा झाली का, हे कळायला रोग्याला शस्त्रक्रियेच्या मधोमध अर्धवट जागं करायचं आणि पाय हलवायला लावायचं. मला त्यातलं काही आठवत नाही. आईला मात्र नंतर सांगितलं होतं की मुलीने दोन्ही पाय हलवले. ते सांगताना आई म्हातारपणापर्यंत रडायची.

कंबरेच्या बाजूचं हाड काढून मणक्यांत भरलं. कंबरेच्या चौथ्या मणक्यापर्यंत सगळं जोडून टाकलं. मग छातीपासून कंबरेपर्यंत प्लास्टरचं जाकीट, सहा महिने. भिलाईचा मे महिना, पंचेचाळीस अंशांचं ऊन, आणि आत खाज. आई विणायच्या सुईला कापूस गुंडाळून आत फिरवायची. शेजारची छत्तीसगढी आजी रोज दारातून विचारायची, “नोनी, पीठ पिरावत हे का?” पिराना म्हणजे दुखणं, आपल्या पीडेचाच भाऊ.

गंमत म्हणजे त्याच उकाड्याचा विचार आमच्याआधी मेक्सिकोत एका डॉक्टरने केला होता. एदुआर्दो लूके यांच्याकडे गरीब घरची मुलं येत. गरम हवेत त्यांना प्लास्टर सोसत नसे. म्हणून सत्तरच्या दशकात त्यांनी प्रत्येक मणक्याला तारेने सळईशी बांधायची पद्धत काढली, म्हणजे प्लास्टरच नको. आमच्यापर्यंत ती यायची होती.

सपाट पाठ

सोळा-सतरा वर्षं मी बरी होते. बीए केलं, लग्न झालं, मूल झालं, शाळेत शिकवलं. तिशीच्या आसपास कंबर बोलू लागली. सकाळी ठीक, दुपारनंतर शरीर पुढे झुकायचं. संध्याकाळी गुडघे किंचित वाकवल्याशिवाय सरळ उभं राहवत नसे. खुर्चीत बसलं की कंबरेखाली निखारा ठेवल्यासारखं व्हायचं.

मी डॉक्टरांकडे गेले. एकाने एक्स-रे दिव्यावर लावला आणि म्हणाला, “उत्तम! इतकं छान जुळलंय. मग दुखायचं कारणच काय?” दुसऱ्याने यजमानांना बाहेर बोलावून विचारलं, घरी काही ताण आहे का. एमआरआय काढला तर पोलादी सळईच्या आजूबाजूचं चित्रच पुसट. हळूहळू मलाच वाटायला लागलं की आपण उगाच बाऊ करतो. घरी कण्हणं बंद केलं. सासूबाईंसमोर परात उचलायची आणि मोरीत जाऊन भिंतीला डोकं टेकायचं, अशी काही वर्षं गेली.

ज्या गोष्टीला कारण नाही असं मला सांगितलं गेलं, तिला सत्तरच्या दशकापासून नाव होतं. ‘फ्लॅट बॅक’, म्हणजे सपाट पाठ. आपला कणा समोरून सरळ असतो, पण बाजूने पाहिला तर कंबरेत आतला बाक असतो. त्या बाकामुळे डोकं बरोबर ओटीपोटाच्या वर तोललं जातं. हॅरिंग्टनची सळई कणा दोन्ही टोकांना ताणते, त्यात हा हवा असलेला बाकही पुसला जातो, विशेषतः जोड कंबरेत खालपर्यंत गेला असेल तेव्हा. मग शरीर पुढे पडतं, आणि पाठीचे, मांड्यांचे स्नायू त्याला दिवसभर मागे ओढत राहतात. शिवाय माझ्या कंबरेत हलणाऱ्या दोनच चकत्या उरल्या. साऱ्या पाठीची वाकण्या-वळण्याची कामं त्या दोघींवर. हाड काढलेली जागा, शस्त्रक्रियेत हाडापासून सोडवलेले स्नायू, कधी न जुळलेला एखादा जोड, हीही कारणं असतात.

समोरून काढलेल्या एक्स-रेत यातलं काही दिसत नाही, आणि कॉबचा कोन तर समोरूनच मोजतात.

डॉक्टरमंडळी यावर गप्प बसली नाहीत, हेही सांगायला हवं. ऐंशीच्या दशकात फ्रान्समध्ये ईव्ह कोत्रेल आणि जाँ द्युबूसे यांनी नवी पद्धत आणली. नुसतं ताणायचं नाही, कण्याची पिरगळ तिन्ही दिशांनी सुधारायची आणि कंबरेतला बाक जपायचा. नंतर प्रत्येक मणक्यात स्क्रू बसवायची पद्धत रूढ झाली. आज त्या मुलीवर होईल ती शस्त्रक्रिया माझ्यावर झाली तीच नाही. हे मी तिच्या आईला सगळ्यात आधी सांगितलं.

मग विचारलं कधी?

रोग्यांना वर्षानुवर्षांनी बोलावून विचारण्याचं काम काही ठिकाणी नेटाने झालं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी हॅरिंग्टन पद्धतीने शस्त्रक्रिया झालेल्यांना सरासरी २३ वर्षांनी तपासलं. पाठदुखी त्यांच्यात समवयस्कांपेक्षा जास्त निघाली, पण बहुतेकांची सौम्य होती, आणि कामधंदा, संसार बव्हंशी इतरांसारखा चालू होता. अमेरिकेतल्या आयोवा इथे उलट बाजू पाहिली गेली. ज्यांच्यावर काहीच उपचार झाले नव्हते त्यांचा पन्नास वर्षांचा मागोवा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना जुनाट पाठदुखी होती, तुलनेसाठी घेतलेल्या इतर लोकांत ३५ टक्के.

दोन्ही एकत्र ठेवून पाहा. शस्त्रक्रिया केली तरी काहींची पाठ दुखते, नाही केली तरी पुष्कळांची दुखते. तेव्हा ‘ऑपरेशन केलं म्हणून दुखतं’ हेही पुरतं खरं नाही आणि ‘ऑपरेशन झालं, आता दुखूच शकत नाही’ हे तर मुळीच खरं नाही.

दुखण्याचं स्वतःचं शास्त्र वेगळ्या वाटेने आलं. जॉन बोनिका नावाचे भूलतज्ज्ञ होते. शिक्षणाच्या खर्चासाठी ते कुस्त्या खेळले, सर्कशीत उतरले, आणि त्या मारांची दुखणी जन्मभर वागवली. सत्तरच्या दशकात त्यांच्या पुढाकाराने वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. या संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, आणि सोबत स्पष्ट लिहिलं की माणूस आपल्याला दुखतं असं सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला तिची स्वतःची नोंद मिळाली.

मी ते वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. यजमानांना उठवून दाखवलं. ते म्हणाले, “म्हणजे तू खोटं बोलत नव्हतीस हे आता जिनिव्हात कळलं. मला आधीच ठाऊक होतं.” एवढ्या वर्षांत हे वाक्य मला आधी का मिळालं नाही, असं वाटलं. पण मीच कण्हणं बंद केलं होतं.

आपल्याकडची दोन उदाहरणं

बाबा आमटे आठवा. इथून फार लांब नाही त्यांचं आनंदवन, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळ. मणक्याच्या विकाराने त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं नाही तर आडवं व्हायचं. १९८५ मध्ये कन्याकुमारीहून निघालेल्या भारत जोडो यात्रेत ते बसमधल्या बिछान्यावर पडून गेले. त्यांचा आजार स्कोलिओसिस नव्हता, आणि त्यांच्यासारखं व्हा असंही मी सांगत नाही. मी त्यातून एवढंच घेतलं की त्यांनी बसायचा हट्ट सोडला आणि कामाची मांडणी पाठीला झेपेल तशी केली. त्यांची सोय पाहून मी उभं राहून बोलायची लाज सोडली.

दुसरं उदाहरण आमच्या शेजारच्या गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावकऱ्यांना तुमचं दुखणं काय असं विचारलं, आणि पाठ-कंबरदुखी ठळकपणे पुढे आली. रोवणी करणाऱ्या, मोळ्या वाहणाऱ्या माणसांची ही पाठ. मुंबईचे मणकातज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी तिथे जाऊन तपासणी आणि शस्त्रक्रिया करू लागले. तिथे आधी लोकांना विचारलं गेलं आणि मग उपचार उभे राहिले. मघाच्या सगळ्या इतिहासात हा क्रम उलटा होता.

रेल मिल

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. एकदा माझी पाठ फार धरली होती, तेव्हा त्यांनी मला रुळाची गोष्ट सांगितली. रूळ लाल तापलेला बाहेर येतो. थंड होताना त्याचा माथा आणि तळ सारख्या वेगाने निवत नाहीत, म्हणून तो वाकतो. मग त्याला मोठ्या रोलरमधून काढून सरळ करतात. “रूळ सरळ दिसते पोरी, पण आतमंदी ताण राह्यते,” ते म्हणाले. “तो डोळ्याले दिसत नाही. म्हणून नाही असं थोडंच आहे?” कुठल्याही डॉक्टरने मला इतकं नीट समजावलं नव्हतं.

आपल्याकडे म्हणतात, मोडेन पण वाकणार नाही. मला वाकताच येत नाही, आणि मोडायचीही इच्छा नाही. मी रोज सकाळी खुर्सीपार गेटपर्यंत चालून येते. फिजिओथेरपीचे व्यायाम करते. स्वयंपाक दोन हप्त्यांत करते. दुखतं त्या दिवशी ‘दुखतंय’ म्हणते. दुखणं गेलेलं नाही, पण त्याला लपवण्यात जी शक्ती जात होती ती वाचली. मात्र पायाला नवीन बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, ताप आला किंवा दुखणं एकाएकी बदललं, तर ‘हे नेहमीचंच’ म्हणून घरी बसू नका, डॉक्टर गाठा.

चौथ्या दिवशी ती बाई आली. मी तिला सांगितलं, कोन वाढतो आहे तर शस्त्रक्रिया कर, घाबरू नकोस. डॉक्टरांना विचार की जोड कुठल्या मणक्यापर्यंत जाईल आणि कंबरेतला बाक राखला जाईल का. दुखणं राहीलच असं नाही, राहणारच नाही असंही नाही. आणि उद्या पोरगी वीस वर्षांची, तीस वर्षांची झाल्यावर म्हणाली की आई, पाठ दुखते, तर एक्स-रे बघायच्या आधी तिच्यावर विश्वास ठेव.

आई ऐकत होती. मुलीने मात्र मला विचारलं, “आंटी, आपको अभी दर्द हो रहा है?”

मी म्हटलं, “हो रहा है.”

ती उठली आणि तिने कोपऱ्यातली उशी आणून माझ्या पाठीशी भिंतीला लावली.

आज इथेच थांबते. पुढच्या भागात पुन्हा रतनपूर आणि बिंबाजी भोसले.